काय काम काढलंत?

न्हाणीघराच्या भिंतीवर, ट्यूबलाइटच्या पट्टीमागे किंवा पडद्याच्या वरच्या घडीपाशी कधीतरी एक राखाडी, चपटी डबी चिकटलेली दिसते. आकार भोपळ्याच्या बीसारखा, लांबी जेमतेम एक सेंटिमीटर. बहुतेक घरांत ती केरसुणीच्या एका फटक्यात खाली येते, कारण ती धूळ आहे असाच समज असतो. फटका मारण्याआधी दोन मिनिटं थांबलं, तर डबीच्या एका टोकातून बारीकसं डोकं बाहेर येतं, पुढच्या पायांनी भिंत धरतं आणि अख्खं घर मागे ओढत जरासं पुढे सरकतं. थोड्या वेळाने तेच डोकं दुसऱ्या टोकातूनही निघू शकतं, कारण डबीला दोन्हीकडे दारं असतात. आत राहते ती एका छोट्या पतंगाची अळी. रेशमाच्या धाग्यात वाळूचे कण, धूळ, कपड्यांचे तंतू गुंफून तिने ते घर विणलेलं असतं. तिचं खाणं म्हणजे कोळ्यांची जुनी जाळी, गळलेले केस, लोकरीचे तंतू. घरातला जो कोपरा झाडायचा राहून गेला, तिथली झाडलोट ही करत असते.

दारात अनोळखी माणूस आला की मराठी घरात लगेच नावाची चौकशी करत नाहीत. "या, बसा," म्हणतात, पाणी पुढे करतात आणि मग विचारतात, "काय काम काढलंत?" नाव-गाव त्या उत्तरातून ओघाने कळतं. घरात, अंगणात, बसस्टॉपवर भेटणाऱ्या इतर जीवांची ओळख करून घ्यायची असेल तर हाच क्रम बरा. निसर्गाची नवी आवड लागलेली मंडळी पुष्कळदा उलट्या टोकाने सुरुवात करतात. जाडजूड पुस्तक विकत घेतात, नावं घोकतात आणि महिनाभरात थकतात. नावं असंख्य आहेत, आणि ती पाठ झाली म्हणून डोळ्यांना काही जास्त दिसू लागत नाही. "हा इथे कशाला आलाय?" या प्रश्नाचं उत्तर शोधायला मात्र माणसाला थांबून बघावंच लागतं.

असे पाहुणे असतात तरी किती? २०२० च्या टाळेबंदीत ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात एकाच घरात राहणाऱ्या तिघा संशोधकांनी आपल्याच घरातले आणि परसातले जीव मोजायला घेतले. वर्षभरात आकडा १,१५० प्रजातींवर गेला. घर जंगलातलं नव्हतं, उपनगरातलं होतं. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या रॅली शहरात ५० घरांची अशीच झडती घेतली गेली. २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा दर घरामागे सरासरी नव्वदहून अधिक प्रकारचे कीटक, कोळी आणि त्यांचे भाऊबंद निघाले होते. त्यातले बहुतेक ना चावणारे होते, ना नासाडी करणारे. महाराष्ट्रातल्या घरांच्या खिडक्या बारा महिने उघड्या असतात आणि पावसाळा चार महिने मुक्कामाला असतो. इथला आकडा त्याहून लहान निघण्याचं काही कारण दिसत नाही.

म्हणून पहिल्याच फटक्यात ताडोबाच्या सफारीचं आरक्षण करू नये. कढीपत्त्याची एक कुंडी पुरे.

कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर पक्षी शिटल्यासारखा पांढरा-तपकिरी डाग दिसला, तर तो झटकण्याआधी नीट बघावा. पुष्कळदा तो डाग चालतो! लिंबावर आणि कढीपत्त्यावर वाढणाऱ्या लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन या फुलपाखरांच्या लहान अळ्या हे सोंग घेतात, कारण विष्ठा कोणी टिपून खात नाही. मोठी झाली की अळी कात टाकून पानासारखी हिरवीगार होते. मग काडीने हलकेच डिवचलं, तर डोक्यामागून नारिंगी-लालसर दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. आता तिचं काम काय, हे सांगायला नको. कुंडीतली बरीचशी पानं तिच्या पोटात जाणार. झाडाला पुन्हा पालवी फुटते. तोवर फोडणीपुरता कढीपत्ता बाजारातून आणावा. कोश लागल्यावर रोज सकाळी एकदा तिकडे नजर टाकावी. कधी त्यातून फुलपाखरू निघतं, तर कधी फुलपाखराऐवजी गांधीलमाशीच्या कुळातल्या इवल्याशा माश्यांचा घोळकाच बाहेर पडतो. त्यांच्या आईने कोशातच अंडी घातलेली असतात, म्हणजे तिचंही काम याच कुंडीत होतं. २०१५ मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉरमॉन, म्हणजे आपली राणी पाकोळी, वरच्या दोन फुलपाखरांच्याच कुळातलं. तिच्या अळ्याही लिंबाच्या गोतातल्या झाडांवर वाढतात.

एक जागा, एक वेळ आणि पंधरा मिनिटं, एवढा नेम पाळावा. आठवड्यातून एकदा जमलं तरी चालेल, पण जागा बदलू नये. पहिल्या दिवशी दोन मुंग्या आणि एक माशी दिसेल. महिन्याभराने त्याच कुंडीत मावा दिसेल, माव्यातून झिरपणारा गोड रस प्यायला आलेल्या मुंग्या दिसतील, मावा खायला आलेले ठिपकेदार ढालकिडे आणि त्यांच्या काटेरी, मगरीसारख्या अळ्या दिसतील. या अळ्यांना कीड समजून मारणारे बागकामवाले कमी नाहीत. शेतकरी त्यांना मित्रकीटक म्हणतात, ते उगीच नव्हे.

कुंडीकडून भिंतीकडे वळावं. पालीबद्दल मराठी माणसाच्या मनात काय काय चुकचुकतं हे सर्वांना ठाऊक आहे. पण ती घरात येते ती दिव्यासाठी आणि दिव्यावर येणाऱ्या किड्यांसाठी. संध्याकाळी दिवा लागला की कोणती पाल कोणत्या बाजूने येते आणि दुसरीला कुठपर्यंत येऊ देते, हे चार दिवस बघावं. पट्टीच्या दोन टोकांची वाटणी झालेली आढळेल. आपली घरातली पाल विषारी नसते. तिच्या बोटांना गोंद नसतो की हवेने धरणाऱ्या वाट्या नसतात. बोटांखाली लाखो अतिसूक्ष्म केस असतात आणि रेणूंमधल्या क्षीण आकर्षणावर ती छताला उलटी चालते.

त्याच भिंतीवर दिवसा एक आखूड पायांचा, केसाळ कोळी उड्या मारत फिरतो. तो शिकारीसाठी जाळं विणत नाही. समोर बोट धरलं तर वळून बघतो, अगदी माणसासारखा मान वर करून. आठ डोळ्यांपैकी पुढचे दोन मोठे डोळे फार तीक्ष्ण असतात. याच उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळातली एक नवी जात ठाणे-कल्याण परिसरात सापडली. २०२१ मध्ये तिचं नामकरण झालं, आणि २६/११ च्या हल्ल्यात कसाबला धरून ठेवताना हौतात्म्य पत्करणाऱ्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ नाव ठेवलं 'इसियस तुकारामी'. लोकलच्या गर्दीतून रोज जाणाऱ्यांच्या पट्ट्यात विज्ञानाला ठाऊक नसलेला जीव राहत होता!

दाराच्या चौकटीवर किंवा स्विचबोर्डाच्या कडेला मातीची मडकी थापणारी कुंभारीण माशी तर मराठी मनाची जुनी ओळखीची. ती अळी आणून मातीच्या घरात कोंडते, बाहेर गुणगुणते, आणि अळी तिच्याच ध्यासाने भृंग होऊन बाहेर पडते, असा दृष्टान्त संतसाहित्यात येतो. दृष्टान्त म्हणून तो सुंदरच आहे. प्रत्यक्षात माशी डंख मारून लुळी केलेली अळी आत ठेवते, स्वतःचं अंडं घालते आणि दार लिंपून घेते. अंड्यातून निघालेलं पिल्लू ती ताजी शिदोरी खाऊन वाढतं. तिची दुसरी एक बहीण अळ्यांऐवजी कोळी भरते. भिंत रंगवताना असं एखादं रिकामं मडकं फोडावं लागलं तर आत जरूर डोकावावं. उरलेल्या पायांवरून कोणाची शिदोरी होती ते कळतं.

स्वयंपाकघरातही मोजदाद करता येते. गोड्या मसाल्यातलं दगडफूल हे ना दगड, ना फूल. बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला तो संसार आहे. बुरशी घर बांधते, ओल धरून ठेवते. शैवाल उन्हात अन्न तयार करतं. असेच राखाडी-हिरवे पापुद्रे रस्त्यावरच्या झाडांच्या सालीवर असतात. हवा खराब असेल तर ते कमी होतात. म्हणून गर्दीच्या चौकातलं झाड आणि आंबोलीतलं झाड यांच्या साली शेजारी शेजारी आठवून बघाव्यात. तांदळातला सोंडकिडा चाळणीत आला तर फेकण्याआधी भिंगातून त्याची सोंड बघावी. मादी त्या सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. तांदूळ निवडताना दिसणारा पोकळ दाणा म्हणजे कोणीतरी आत वाढून निघून गेल्याची खूण. भिंग बाजारात शंभर-दोनशे रुपयांत मिळतं, आणि या सगळ्या छंदात पैसे घालण्यासारखी पहिली वस्तू तीच. दुर्बीण नंतर.

पक्ष्यांच्या बाबतीत लोक एक चूक हमखास करतात. जे रोज दिसतं ते 'माहीत आहे' म्हणून सोडून देतात. कावळा घ्या. घरकावळ्याची मान राखाडी असते, डोमकावळा संपूर्ण काळा आणि चोचीने दणकट. श्राद्धाच्या पिंडाची वाट बघत तासभर उभे राहणारे कितीजण हे दोघे वेगळे ओळखतात? मार्चपासून पहाटे कुहू-कुहू करणारी 'कोकिळा' हा तर नर. तो चकचकीत काळा आणि लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची. ती गात नाही, घाईघाईने किक-किक-किक ओरडते. कावळ्याच्या घरट्याजवळ नर मुद्दाम दिसेल असा बसतो, कावळे त्याच्या मागे लागतात, तेवढ्यात मादी अंडं घालून निसटते, असं निरीक्षण आहे. एप्रिल-मे महिन्यांत कावळा कोकिळाच्या मागे धावताना दिसला तर नुसतं भांडण म्हणून सोडू नये. झाडावर घरटं शोधावं, पण लांबूनच.

खंड्याचं उदाहरण आणखी बोलकं. निळ्या पाठीचा, तांबड्या चोचीचा, पांढऱ्या छातीचा हा पक्षी मासे खातो असं शाळेत शिकलेलं असतं, आणि मग तो पाण्याचा थेंबही नसलेल्या कॉलनीत विजेच्या तारेवर बसलेला दिसतो. इथे काय काम? तो तारेवरून एकदम झेपावतो तेव्हा उत्तर मिळतं. चोचीत नाकतोडा असतो, कधी सरडा, कधी पाल. मैदानातल्या गवतावर दोन वर्षं फवारणी करा, मग तारेवरचा खंड्या किती वेळा येतो ते बघा.

ज्यांना थांबायला वेळच नाही त्यांनी कान वापरावेत. लोहाराच्या ऐरणीवर बारीक हातोडी पडावी तसा टुक-टुक-टुक आवाज दुपारच्या उन्हात येतो, तो तांबटाचा. मूठभर देह, कपाळ आणि छातीचा वरचा भाग लाल, गळा पिवळा, पाठ हिरवी. वडा-पिंपळाच्या फळांवर असतो आणि वाळक्या फांदीत भोक कोरून राहतो. पुणे-मुंबईत तो सर्रास आहे, पण बहुतेकांनी तो आयुष्यभर ऐकलेला असतो आणि एकदाही पाहिलेला नसतो. रात्रीचे रातकिडे म्हणजे पंखाला पंख घासणारे नर. त्यांची किरकिर कोणत्या महिन्यात सुरू झाली आणि कोणत्या महिन्यात थांबली, एवढं जरी कॅलेंडरवर खुणावलं तरी वर्षाच्या शेवटी हाती काहीतरी लागतं.

आपल्या म्हणींमध्येही अशा निरीक्षणांचा साठा आहे, फक्त तो माणसांवर शेरे मारण्यात खर्ची पडतो. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याने सरडा बघितलेला होता. विणीच्या काळात नराचं डोकं आणि खांदे लाल होतात. तो कुंपणाच्या खांबावर बसून जोर काढल्यासारखा अंग वर-खाली करतो आणि आपल्या हद्दीबाहेर सहसा जात नाही. 'गोगलगाय अन् पोटात पाय' यातली गंमत अशी, की प्राणिशास्त्रात गोगलगाईच्या वर्गाचं मराठी नावच 'उदरपाद' आहे. पावसाळ्यात सोसायट्यांच्या भिंतींवर चढणारी मोठी तपकिरी गोगलगाय मात्र इथली नव्हे. ती आफ्रिकेची, १८४७ मध्ये एका इंग्रज हौशी संग्राहकाने कलकत्त्यात सोडली आणि तिथून ती देशभर पसरली. तिचं काम म्हणजे भाजीपाल्याचा फडशा. तिला हाताने न शिवता चिमट्याने उचलावं.

सण तर वनस्पतींची उजळणीच. गणपतीला २१ प्रकारच्या पत्री वाहायची प्रथा आहे. आघाडा, दूर्वा, माका, शमी, डोरली, रुई, विष्णुक्रांत, हादगा या नावांची उजळणी घरोघरी होते, पण बाजारातल्या जुडीत कोणती पानं असतात हे जुडी सोडून बघणारा विरळा. पत्री ओरबाडून आणण्यापेक्षा त्यातल्या दहा वनस्पती आपल्या परिसरात जिवंत उभ्या कुठे आहेत ते शोधावं. रुई तर रेल्वेच्या रुळांकडेलाही असते. तिच्या पानांखाली पिवळाजर्द मावा असतो आणि काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळीही. ती प्लेन टायगर फुलपाखराची. रुईच्या चिकातलं विष ती अंगात साठवते, म्हणून पक्षी तिच्या आणि पुढे तिच्या फुलपाखराच्या वाटेला सहसा जात नाहीत. दसऱ्याला 'सोनं' म्हणून वाटली जाणारी पानं बहुतेकदा आपट्याची नसतातच, कांचनाची असतात. आपट्याचं पान लहान, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं आणि लांबट. यंदा हातात सोनं पडलं की आधी मापून बघावं. खरं काय निघालं ते समोरच्याला सांगावं की नाही, हा ज्याच्या त्याच्या शिष्टाचाराचा प्रश्न.

रस्त्यावरच्या झाडांना विचारायचा प्रश्न किंचित वेगळा आहे: तुमच्याकडे कोण कोण कामाला येतं? गुलमोहर मादागास्करचा, रेन ट्री आणि गिरिपुष्प अमेरिका खंडातले. गाजर गवत १९५० च्या दशकात पुण्यात आढळलं आणि तिथून पसरत गेलं. त्याची पानं कुरतडणारा पिवळट, तपकिरी रेघांचा मेक्सिकन भुंगा शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात मुद्दाम आणून सोडला. पावसाळ्यात गाजर गवताच्या माळावर तो कामावर हजर असलेला दिसतो. याउलट एखादं उंबराचं झाड शोधावं. 'उंबराचं फूल' म्हणजे कधी न दिसणारी वस्तू, असं म्हणतात; पण ते दुर्मीळ नसून लपलेलं असतं. उंबराचं फळ म्हणजे आत वळवून बंद केलेला फुलोराच. त्याच्या टोकाच्या सूक्ष्म छिद्रातून एक चिमुकली माशी आत घुसते. घुसताना तिचे पंखही तुटतात. आत ती परागण करते, अंडी घालते आणि मरते. तिची पुढची पिढी तिथेच वाढते आणि बाहेर पडताना दुसऱ्या उंबराकडे पराग नेते. मग दिवसा बुलबुल, तांबट, हरियाल आणि रात्री वटवाघळं फळांवर येतात. बिया विष्ठेतून पडतात, कधी नेमक्या इमारतीच्या भेगेत. पालिकेच्या अर्धवट पडलेल्या भिंतीतून पिंपळ आणि उंबर उगवतात ते असे. अशा एका झाडाखाली दोन तास काढले तर जी यादी होते, ती दहा गुलमोहरांखाली होणं कठीण.

पावसाळा हा या छंदाचा खरा हंगाम. मृगाच्या सरींनंतर मातीवर लाल मखमलीचे गोळे चालू लागतात, त्या मृगाच्या किड्याचे पाय मोजावेत. आठ भरतात, म्हणजे तो कीटक नव्हेच, कोळ्याच्या नात्यातला आहे. पहिल्या पावसाच्या संध्याकाळी दिव्याभोवती पंख गाळणारे किडे म्हणजे नवी वसाहत थाटायला निघालेले वाळवीचे राजा-राणी. जुलैच्या एखाद्या बिनचांदण्या रात्री गच्चीवर पांढरी चादर टांगून तिच्यामागे दिवा लावावा आणि नऊ ते अकरा बसावं. येणाऱ्या पतंगांची रूपं पाहून फुलपाखरांचं कौतुक थोडं कमी होतं. काम झालं की दिवा मालवायचा, नाहीतर ते सकाळपर्यंत तिथेच अडकतात आणि बुलबुलांची न्याहारी होते.

आता नावाकडे यायला हरकत नाही. नाव लागतंच, पण ते निरीक्षणाच्या शेवटी लागावं. पक्ष्यांसाठी मारुती चितमपल्लींचा 'पक्षीकोश' मराठीत आहे. फोनमध्ये 'आयनॅचरलिस्ट' हे अॅप घ्यावं. फोटो टाकला की ते अंदाज सांगतं आणि मग जाणकार माणसं तो अंदाज तपासतात. फोटो एक नको, तीन हवेत: वरून, बाजूने आणि तो जीव ज्यावर बसला आहे त्या पानाचा. तिसरा फोटो बहुतेक जण काढत नाहीत, आणि ओळख पटवायला तोच लागतो. 'मर्लिन' हे अॅप पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सुचवतं. दोन्ही अॅप चुकतात. त्यांनी सांगितलेली जात आपल्याकडे मुळात आढळते का, एवढी खात्री करावी. फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातले पक्षी मोजले जातात. त्यासाठी किमान पंधरा मिनिटांची यादी पुरते आणि ती गॅलरीतूनही करता येते. पण आजी-आजोबा, भाजीवाल्या मावशी, गावचा गुराखी यांच्याकडचं नाव आधी टिपावं. भारद्वाजाला कोणी कुंभारकावळा म्हणतं. त्या नावातलं निरीक्षण इंग्रजी नावात नसतं.

मुंबई-कोकणातल्या वाचकांना एक जादा सोय आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी मोठी असते, तेव्हा खडकाळ किनारा उघडा पडतो. हाजी अलीच्या खडकांत समुद्रफुलं, शंखातले खेकडे, रंगीत समुद्री गोगलगाई भेटतात. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' ही मंडळी लोकांना अशा फेऱ्यांना नेत आली आहेत. भरतीची वेळ बघून जावं, उलटवलेला दगड होता तसा ठेवावा, बादलीत काही भरून आणू नये.

निरखणं म्हणजे लाड करणं नव्हे. डासाचं कामही विचारावंच, ते बंद पाडण्यासाठी. पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा एडिस डेंगी पसरवतो आणि साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. कुंडीखालच्या ताटलीत वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या की ताटली कोरडी करायची, दर आठवड्याला. कबुतरांना दाणे घालणं हेही निरीक्षण नव्हे. २०२५ मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून जो वाद पेटला त्यात भावनेची बाजू कितीही असो, विष्ठेच्या धुळीने फुप्फुसांना होणारा आजार खरा आहे. उन्हाळ्यात पसरट भांड्यात पाणी ठेवावं आणि रोज घासून बदलावं, तेवढं पुष्कळ. पिंजऱ्यात देशी पोपट पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे आजही पुष्कळांना माहीत नाही.

सापांच्या बाबतीत तर लांबूनच ओळख ठेवावी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप महाराष्ट्रात सगळ्यात जास्त घात करतात. घरात पालींच्या मागावर भिंत चढून येणारा कवड्या बिनविषारी असतो, पण त्याचे पट्टे मण्यारीची आठवण करून देतात. कवड्याचे पट्टे डोक्याकडे ठळक आणि शेपटीकडे फिके होत जातात. मण्यारीचे शेपटीकडे जास्त स्पष्ट असतात. ही माहिती कुतूहलासाठी आहे, रात्री टॉर्चच्या उजेडात निवाडा करण्यासाठी नाही. खोलीचं दार लावून फटीत कापड कोंबावं, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन करावा आणि वाट बघावी. चावा झाला असेल तर मंत्र-तंत्र, चिरा देणं, आवळून बांधणं यांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावं.

वही साधी असावी. तारीख, वेळ, जागा, कोण दिसलं आणि ते काय करत होतं, एवढ्या पाच गोष्टी. नाव माहीत नसेल तिथे वर्णन लिहावं: 'कडीपाशी, निळसर काळी, कंबर अगदी बारीक, तोंडात मातीचा गोळा.' सहा महिन्यांनी नाव सापडतं, तेव्हा मागची पानं उलटताना त्या नावाला आधीच चार नोंदी मिळालेल्या असतात. घरात मूल असेल तर चित्र त्याच्याकडून काढून घ्यावं. मुलं पायांची संख्या चुकवत नाहीत.

सुरुवात आजच करायची असेल तर चवळीचा किंवा मुगाचा जुना डबा उघडा. दाण्यावर टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका चिकटलेला दिसला, तर ते कडधान्याच्या भुंग्याचं अंडं. अळी त्या ठिपक्याच्या तळातूनच थेट दाण्यात शिरते, आतलं खाऊन वाढते आणि वाटोळं झाकण कापून भुंगा होऊन बाहेर येते. असे पाच-सहा दाणे काचेच्या बाटलीत घाला, तोंडाला पातळ फडकं घट्ट बांधा, बाटलीवर तारीख लिहा आणि रोज चहाच्या वेळी बघा. उबदार दिवसांत महिन्याभरात उत्तर मिळतं. फक्त ती बाटली डाळींच्या डब्यांपासून लांब ठेवा, आणि ती कोणाची आहे ते घरात आधीच सांगून ठेवा.